दारच्या चौकाची साक्ष

१

सोमवारी सकाळी पहिल्या चकतीवरची एकूण एक चिप नापास झाली, आणि प्रत्येक चिप नेमकी एकाच जागी.

मी पेंग. तैवानातल्या शिंचू गावच्या आमच्या छोट्या कंपनीत तपासणीचा मजला माझ्या ताब्यात आहे. कारखान्यातून शेकडो चिप छापलेल्या सिलिकॉनच्या चकत्या आल्या की आधी त्या माझ्या यंत्राखाली येतात. यंत्रावर हिरव्या पुडीतले नारळाच्या चवीचे कुरकुरे ठेवलेले असतात, कारण हिरवी पुडी असली की यंत्र गुण्यागोविंदाने वागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या सकाळी पडद्यावर लाल ठिपके बघून वेई साहेबांनी सगळ्यात आधी पुडीच उचलली आणि तिच्यावरची तारीख वाचली. साहेब अमेरिकेत शिकून आलेत, पण तारीख वाचल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. पुडी ताजी होती, त्यामुळे माझ्यावरचं बालंट तेवढ्यापुरतं टळलं.

आमच्या या चिपमध्ये एक मोठा मेंदू नाही, शेकडो छोटे मेंदू गल्लीबोळांनी जोडलेले आहेत. गल्ल्या मिळतात तिथे एकेक राउटर बसवलेला असतो. आलेलं माहितीचं पार्सल कोणत्या गल्लीने पाठवायचं ते तो ठरवतो. आम्ही त्याला चौकच म्हणतो. सगळे चौक एकाच साच्यातून काढलेले आहेत, एक सोडून. चिपमधून बाहेर पडण्याच्या दाराशी जो चौक आहे त्याला एक रस्ता जास्त लागतो, म्हणून तो वेगळा करावा लागला. तो दारचा चौक नव्याने आलेल्या फान पेई-शानने केला होता.

वीज मिळाली की ही चिप आधी स्वतःची परीक्षा स्वतःच घेते. सगळ्या चौकांना एकच लुटुपुटुचं पार्सल दिलं जातं, आणि शेजारी शेजाऱ्याचं उत्तर ताडून बघतो. ज्याचं उत्तर बाकीच्यांशी जुळत नाही त्याच्यावर लाल ठिपका पडतो. त्या दिवशी प्रत्येक चिपवर एकच लाल ठिपका होता, दारच्या चौकावर. आणि दारच बंद पडलं तर आतल्या शेकडो मेंदूंनी काय करायचं, एकमेकांची तोंडं बघायची?

चुआंग पो-हान तेव्हा माझ्या शेजारीच उभा होता. आमच्याकडचा सगळ्यात हुशार माणूस, आणि पेई-शानचा कॉलेजमधला वरच्या वर्गातला. तैनानमधली तिची बरी चाललेली नोकरी सोडायला लावून त्यानेच तिला इथे आणलं होतं. ती त्याला अजून दादा म्हणते. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि साहेबांना सांगितलं की घाबरायचं कारण नाही, चिपचा आराखडा ज्यांतून चकतीवर छापतात त्या काचा नव्याने मागवायच्या आणि दारच्या चौकातला गर्दी सांभाळणारा भाग काढून तिथे इतरांच्या साच्यातला भाग बसवायचा.

पेई-शान मागे उभी होती. तिची उमेदवारी त्याच आठवड्यात संपायची होती. साहेबांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "पक्का करून गोठवलेल्या आराखड्यात तू नंतर काही बदललंस का?"

"नाही, साहेब."

"मग तुझाच चौक का चुकतो?"

ती जागेवर जाऊन आपला आराखडा पुन्हा उघडून बसली. दुपारपर्यंत मजल्यावर एकच बोललं जात होतं, पोरगी घाईघाईत काम करते. शुक्रवारी तिला नारळ मिळणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. आणि शिंचू एवढंसं. इथून असा शिक्का घेऊन गेलेल्या माणसाला पलीकडच्या इमारतीतही कोणी उभं करत नाही.

२

मंगळवारी गिऱ्हाइकाकडून यान सू-चिन आल्या.

गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेच्या सिग्नलच्या पेट्या बनवणारी कंपनी. आमची चिप त्या पेट्यांत बसायची होती. काही बिघडलं की ते यानबाईंना पाठवतात. पन्नाशीच्या पुढची बाई, केस बारीक कापलेले, पायात पावसाळी बूट, आणि खांद्यावरच्या पिशवीत चहात उकडलेली अंडी. प्रश्न विचारायचा, मग अंडं सोलायला घ्यायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं, ही त्यांची रीत. शांतता सोसवत नाही म्हणून माणसं किती बोलून जातात हे मी त्या दिवशी पाहिलं.

साहेबांनी त्यांना चूक आणि चूक करणारी, दोन्ही तयार करून दिली होती. बाईंनी मान हलवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आधी मला पकडलं. माझं यंत्रच खोटं बोलत असेल तर? मी तीच चकती दुसऱ्या यंत्रावर लावून दाखवली, ठिपका जागचा हलला नाही. मग कारखान्याकडे वळल्या. छपाईत धूळ बसली असेल तर?

"धूळ घर निवडून बसत नाही," त्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "प्रत्येक गावात नेमक्या पाटलाच्याच घरावर झाड कसं पडेल? हे आराखड्यातलंच आहे."

मग लो यी-चुनला बोलावलं. चिपची ही स्वतःची परीक्षा तिने लिहिलेली. बाईंनी तिला विचारलं की बरोबर उत्तरं चिपमध्ये साठवून का नाही ठेवली, शेजाऱ्यांवर का सोपवलं? यी-चुन म्हणाली की उत्तरं साठवायला जागा लागते आणि चिपवर जागा सोन्याच्या भावाने मिळते. सगळे चौक जुळे भाऊ आहेत, मग एकमेकांकडे बघून चालतं.

"आणि सगळेच चुकले तर?"

यी-चुन हसली. "सगळे एकाच वेळी, एकसारखेच कसे चुकतील बाई? धूळ अशी पडत नाही, तुम्हीच म्हणालात ना."

"म्हणाले खरी. आणि छापण्याआधी संगणकावर चालवून पाहिलं असेल तेव्हा?"

तेव्हा एकच चौक घेऊन पाहिला होता, यी-चुन जरा चाचरत म्हणाली. सगळे सारखेच, तर एक तपासला की सगळे तपासले. वेळ वाचतो, सगळीकडे असंच करतात. दारच्या चौकाचा आराखडा उशिरा आला, त्याला इतरांच्या रांगेत बसवून बघायचं राहून गेलं.

मग बाईंनी तिला पेई-शानबद्दल विचारलं. यी-चुन म्हणाली, घाईघाईत काम करते. साहेबही तेच म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर बाईंनी मला विचारलं तेव्हा मीही तेच म्हणालो होतो. बाईंनी प्रत्येकाला पुढे एकच विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? कोणीच पाहिलं नव्हतं. मग कोणाकडून ऐकलंत? मी आठवून बघितलं आणि मला पो-हानचं नाव घ्यावं लागलं. यी-चुननेही त्याचंच घेतलं, साहेबांनीही.

"तिघांनी एकाचंच ऐकून सांगितलं," बाई अंड्याची सालं कागदात गुंडाळत म्हणाल्या, "तर ती साक्ष एकच होते, तीन नाही होत."

पो-हानशी त्या सगळ्यात शेवटी बोलल्या. तो त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. पेई-शान गुणी आहे, माझी धाकटी बहीण म्हणा, पण कामाच्या ओझ्याने तिचा तोल गेला असावा, तिच्याशी फार कठोर होऊ नका, असं त्याने फार मनापासून सांगितलं. माझे तर डोळे पाणावले. बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला, नव्या काचांची ऑर्डर कधी जाणार?

"उद्या दुपारी," तो म्हणाला. "साहेबांची सही झाली की."

बाईंनी अंडं अर्धवट सोडून पिशवी उचलली.

३

संध्याकाळी बाई मला आणि पेई-शानला घेऊन नगरदेवाच्या देवळापुढच्या अंगणातल्या टपरीवर जेवायला गेल्या. हा आमचा नगरदेव न्यायाधीश आहे, मेलेल्यांचेही हिशेब तपासतो म्हणतात. बाईंनी त्याला लांबूनच हात जोडले आणि मांसाच्या गोळ्यांचं सार नि तांदळाच्या शेवया मागवल्या. वारा असा सुटला होता की वाटीवर हात धरून बसावं लागत होतं.

पेई-शानने शेवयांना हात लावला नाही. बाईंनी तिला विचारलं, पुढचा रस्ता भरलेला असेल तर चौकाने पार्सलचं काय करायचं?

"थांबवून धरायचं," ती म्हणाली. "रस्ता मोकळा झाला की सोडायचं."

"का?"

"तुमच्याच अटींत लिहिलंय बाई. पार्सलं निघाली त्याच क्रमाने पोचली पाहिजेत. एखादं मागचं पुढे गेलं तर..." ती थांबली. "माझा चौक तेवढंच करतो. गर्दी झाली की थांबतो. नि परीक्षेत तो नेमका गर्दीच्याच पार्सलाला नापास होतो. इतर सगळे पुढे गेलेले असतात आणि तो एकटा थांबलेला. मी दोन दिवस तोच भाग वाचतेय. मला त्यात काही दिसत नाही."

बाई नुसत्या सार ढवळत राहिल्या. शांतता मलाही सोसवत नाही, म्हणून मी आपली माझी कटकट सांगायला घेतली. दारचा चौक मला पहिल्यापासूनच नको झालाय. यंत्र सुरू करताना प्रत्येक चौकातली भित्र्याची बटणं एकेक करून लावावी लागतात. इतर सगळ्यांना एकच यादी चालते, दारच्या चौकाला मात्र ती चालत नाही, यंत्र अडून बसतं. कारण त्याच्यात एक बटण कमी आहे.

बाईंचा चमचा थांबला. "काय कमी आहे?"

भित्र्याचं बटण हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. चिप एकदा छापली की खोडरबर चालत नाही. म्हणून आत कुठलीही नवी युक्ती घातली की ती चालू-बंद करण्याचं एक बटणही सोबत ठेवायचं, म्हणजे युक्ती अंगाशी आली तर निमूटपणे मिटवून टाकता येते. ते न ठेवणाऱ्याला आम्ही शूर म्हणत नाही, गाढव म्हणतो. हे बाईंना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी पेई-शानकडे वळून विचारलं की तिने आपल्या चौकातलं एखादं बटण काढून टाकलं का.

"नाही. मी साचा घेतला तेव्हा त्यात जेवढी होती तेवढी सगळी ठेवलीत. साचा मी गेल्या पावसाळ्यात घेतला. पो-हानदादांनीच दिला."

"त्यानंतर साचा बदलला?"

"मला कोणी सांगितलं नाही."

बाईंनी वाटी सरकवली. बटण आधी येत नाही, युक्ती आधी येते, त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं की सकाळी साहेबांची सही व्हायच्या आत यंत्र मोकळं मिळेल का.

४

बुधवारी सकाळी सगळे माझ्या मजल्यावर जमले. साहेबांच्या हातात पेन होतं, पो-हानच्या हातात ऑर्डर. पेई-शान दाराजवळ उभी राहिली. तिने मेजावरचं कुंडीतलं रोपटं पिशवीत घालून आणलं होतं, ते मला बघवेना.

बाई म्हणाल्या की सहीआधी त्यांना थोडं बोलायचं आहे.

"सोमवारी ठिपका दिसला तेव्हा दारच्या चौकात काय चुकलं हे कोणालाच माहीत नव्हतं. चौक उघडून बघायला पेई-शानला दोन दिवस लागले, आणि तरी तिला सापडलं नाही. पण पो-हान, तुम्ही उभ्याउभ्या उपाय सांगितलात. गर्दीचा भाग बदला. गर्दीचाच का?"

पो-हान म्हणाला, अनुभव.

"असेल. मग अनुभवी माणसाने हे सांगावं. बाकीच्या चौकांत एक बटण जास्त आहे. ते कुठल्या युक्तीचं?"

बाईंनी या वेळी अंडं काढलं नाही.

त्यांनी पुढचं सगळं सरळ मांडलं. पावसाळ्यानंतर कोणीतरी सगळ्यांच्या साच्यात एक युक्ती घातली. रस्ता भरला की पार्सल थांबवायचं नाही, बाजूच्या गल्लीने काढून द्यायचं. चिप वेगवान झाली. साचा एकच असल्यामुळे ती युक्ती आपोआप सगळ्या चौकांत उतरली. दारचा चौक तेवढा वेगळा निघाला होता, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही. तो जुन्या कराराप्रमाणे थांबत राहिला. परीक्षा झाली तेव्हा बाकीचे सगळे एकसारखं चुकले, आणि एकटा बरोबर उत्तर देणारा वेगळा पडला. शेजाऱ्यांनी त्याच्यावर बोट दाखवलं.

"आमच्या पेटीत 'थांब' आणि 'निघ' असे दोन हुकूम एकामागोमाग जातात," बाई म्हणाल्या. "आधी 'निघ', मग 'थांब'. गर्दीत 'थांब' बाजूच्या गल्लीने पुढे निघून गेला तर गाडीला शेवटचा हुकूम 'निघ' मिळतो. आज तुम्ही या काचा मागवल्या असत्या, दारचा चौक इतरांसारखा केला असता, तर सगळे ठिपके हिरवे झाले असते. आणि आम्ही ती चिप आनंदाने रुळांवर नेली असती."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पो-हान म्हणाला की हा सगळा तर्क आहे.

"आहे," बाई म्हणाल्या. "पेंग, ते जास्तीचं बटण सगळीकडे बंद करा. फक्त तेवढंच. दारच्या चौकाला हात लावू नका. पेई-शानचा चौक खरंच चुकत असेल, तर तो पुन्हा लाल होईल आणि मी माफी मागून परत जाईन."

मी खुर्चीवर बसलो. चकती तीच, यंत्र तेच. मी यादीतलं ते बटण शोधलं, बंद केलं आणि परीक्षा सुरू केली.

५

पहिली चिप हिरवी आली. दुसरी आली. मग रांगच्या रांग हिरवी होत गेली आणि दारच्या चौकावर कुठेही लाल ठिपका राहिला नाही. यी-चुनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या छातीवरची धोंड उतरली, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी पो-हानकडे पाहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण पो-हानच्या चेहऱ्यावर मला खवखव नाही दिसली, थकवा दिसला. त्याने सांगून टाकलं. वेगाचे आकडे कमी पडत होते, साहेब रोज विचारत होते. त्याने युक्ती घातली, आकडे चढले, त्याला बढती मिळाली. पार्सलांचा क्रम क्वचितच बिघडेल, आणि नंतर सवडीने दुरुस्त करू, असं त्याला वाटलं. सोमवारी ठिपका बघताक्षणी त्याला सगळं कळलं होतं. तेवढं बटण बंद करा म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता, पण मग ते बटण कशाचं हे सांगावं लागलं असतं.

"आणि हिचं काय होणार होतं?" साहेबांनी विचारलं.

"मी तिला दुसरीकडे लावून देणार होतो," पो-हान म्हणाला. हे तो खरंच म्हणाला, आणि मला वाटतं त्याचा त्यावर विश्वासही होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, वर फाशीनंतर संन्याशाची सोय बघायची तयारी.

साहेब त्याला घेऊन आत गेले. पुढे त्याचं काय झालं ते आतलं आतच राहिलं. त्याने त्या आठवड्यात राजीनामा दिला, एवढं मला माहीत आहे. ऑर्डरचा कागद माझ्या मेजावर राहिला होता, तो मी टोपलीत टाकला.

मला भीती वेगळीच होती. युक्ती बंद म्हणजे चिप मंदावणार, आणि आकडे बघूनच गिऱ्हाइकाने होकार दिला होता. मी बाईंना तसं बोलून दाखवलं.

"धावायचं काम गाडीचं आहे," त्या म्हणाल्या. "चिपने वेळेवर थांबवलं म्हणजे पावलं. चकत्या फेकू नका, आम्ही घेतोय. मात्र ते बटण कायमचं बंद करून द्या, आणि परीक्षेत एक तरी बरोबर उत्तर बाहेरून आणून ठेवा." यी-चुनने घाईघाईने मान डोलावली. दारच्या चौकाला आधी संगणकावर इतरांच्या रांगेत बसवून बघते, असंही ती म्हणाली.

साहेब बाहेर आले ते माफी मागायला सरळ पेई-शानपुढे उभे राहिले. आमच्या साहेबांना कोणापुढे वाकायची सवय नाही, त्यामुळे ते जरा चुकीच्या ठिकाणीच वाकले, पण वाकले. उमेदवारी संपली, शुक्रवारची वाट बघायची गरज नाही, कायमचं पत्र आजच देतो, असं त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं. यी-चुनने पिशवीतलं रोपटं बाहेर काढून माझ्याच मेजावर ठेवलं आणि पेई-शानचा दंड धरून माफी मागितली. मीही मागितली. ऐकीव गोष्ट मी बाईंना साक्ष म्हणून सांगितली होती, ते मला टोचत होतं.

पेई-शान मात्र पडद्यावरच्या हिरव्या रांगा वाचत उभी होती, एक झाली की दुसरी, जणू कुठेतरी एखादा लाल ठिपका दडून बसला असेल.

बाईंनी पिशवीतून एक अंडं काढून तिच्या हातावर ठेवलं. "खा आता. कालपासून उपाशी आहेस."

पेई-शानने ते हातात धरून ठेवलं. "बाई, आज तुम्ही थोडा उशीर केला असता ना, तर मी साहेबांकडे चूक कबूल करायला गेले असते. मी ठरवूनच आले होते."

"कुठली चूक?"

"तेच तर सापडत नव्हतं," ती म्हणाली. "पण सगळे म्हणत होते. दादाही म्हणत होते. मग मला वाटलं, असेल. माझीच असेल, मलाच दिसत नसेल."

आणि मग तिला रडू फुटलं, तीन दिवसांचं. अंडं हातात चिरडून गेलं तरी तिच्या ध्यानात आलं नाही. यानबाईंनी तिच्या हातातलं ते काढून घेतलं, स्वतःच्या रुमालाने तिची बोटं एकेक करून पुसली आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.